वाडीचे लेआउट, दहा टक्के जागा आणि पांदण

अमरावती रोडवर ट्रकच्या मागे अडकून हेडफोन लावला असेल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. आज ना शिवकाल, ना पेशवाई. आज वाडी. नागपूर शहर पश्चिमेला जिथे संपल्यासारखं वाटतं आणि संपत नाही, ते गाव. गोडाऊन, ट्रान्सपोर्टच्या पाट्या, टायरची दुकानं, मागे ऑर्डनन्स फॅक्टरीचा परिसर, आणि या सगळ्याच्या आत शिरलात की लेआउटच लेआउट. मी इथेच राहतो.

प्रश्न साधा आहे. एका जमिनीवर घरं किती बसवायची आणि माणसाला चालायला वाट किती सोडायची?

अमेरिकेतल्या छोट्या शहरांत हा प्रश्न रीतसर सिटी काउन्सिलसमोर येतो. बिल्डर नकाशा घेऊन उभा राहतो. एकरी किती घरं, ते सांगतो. काउन्सिल विचारते, ट्रेल देणार का? ट्रेल म्हणजे पायी, सायकलवर जायची वाट, शेजारच्या वसाहतीतल्या वाटेला जोडलेली. गावातले लोक माइकवर दोन-तीन मिनिटं बोलतात, कुणी चिडतं, मग मतदान होतं. या बैठका यूट्यूबवर पडलेल्या असतात आणि खरं सांगू का, महाकंटाळवाण्या असतात. पण त्यातली एक पूर्ण पाहिली आणि डोक्यात किडा वळवळला. माझ्या लेआउटबद्दल अशी बैठक कधी झाली होती? कुणी विचारलं होतं, इथे किती घरं, वाट कुठून?

उत्तर शोधायला मागे जावं लागतं. आणि गंमत अशी की वाटेचा प्रश्न आपल्याकडे घरांच्या प्रश्नापेक्षा जुना आहे.

वाडी शेतीचं गाव होतं तेव्हा वाटेला नाव होतं, पांदण. दोन शेतांच्या मधून जाणारी, बैलबंडी जाईल एवढी रुंद, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळीचं कुंपण, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. पांदण कुणा एकाच्या मालकीची नसते. गावाच्या नकाशावर ती काढलेली असते. तिने शेतावर जायचं, ढोरं न्यायची, नाल्यावर जायचं.

आता नागपूरकरांनी कान द्यावा, कारण पुढची गोष्ट पुण्या-मुंबईत नाही. आपण मध्य प्रांतातले. इथे मालगुजारी होती, म्हणजे गावच मालगुजाराच्या नावावर. मग गावकऱ्याने लाकूड कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, कुणाच्या जमिनीतून जायचा हक्क, हे कुठेतरी लिहून ठेवणं भाग होतं. त्यातून दोन कागद आले, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं, राजधानीच होती त्याची. पण हे कागद मेले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, तिच्यात कलम १६१ निस्तारपत्रकाचं आहे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं. १६५ वाचून पाहा. सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर गावाची काय वहिवाट आहे, सिंचनाची, जाण्यायेण्याची, मासेमारीची, ती लिहून ठेवायची असं ते सांगतं. दुसऱ्याच्या जमिनीतून चालत जायचा हक्क, कागदावर. अमेरिकन काउन्सिल ज्याला ट्रेलची अट म्हणते, त्याची आमच्याकडे आजी होती म्हणा ना.

शहराला मात्र मोकळ्या जागेची आठवण प्लेगने करून दिली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मांडवी बंदराजवळच्या दाट चाळींत आधी माणसं पटापट मेली. तोपर्यंत मालकाला जेवढ्या खोल्या बांधता येतील तेवढ्या तो बांधत होता. खोलीला खिडकी असली तरी समोर हातभर अंतरावर दुसरी भिंत. १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टने दाट वस्त्या फोडून रस्ते काढले, सॅन्डहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची मोकळी जमीन घेऊन नव्या वसाहती आखल्या. माटुंग्याची पाच उद्यानं, दादरची पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी, हे सगळं त्यातलं. आज त्या भागात फ्लॅटचा भाव विचारायची हिंमत होत नाही. का महाग, तर झाडं आहेत, फुटपाथ आहे, इमारती ठेंगण्या आहेत. म्हणजे एका काउन्सिलछाप अटीची किंमत सव्वाशे वर्षांनी वसूल होते आहे.

या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो, साडेत्रेसष्ट अंशाचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो लावून धरला. खिडकीच्या पायाशी उभं राहून समोरच्या भिंतीच्या माथ्याकडे रेघ ओढा. ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त चढी नको. दहावीची त्रिकोणमिती आठवा, या कोनाचा टॅन दोन. म्हणजे भिंत चाळीस फूट उंच असेल तर मधे किमान वीस फूट मोकळे पाहिजेत. घरं किती, हा प्रश्न ऑरने उजेडाच्या भाषेत विचारला. तळमजल्यावरच्या बाईला दिवसा चूल दिसते का?

अर्थात ट्रस्ट काही संत नव्हता. जेवढी घरं पाडली त्या मानाने गरिबांसाठी कमी बांधली, उठवलेले लोक शेजारच्या गल्लीत जाऊन तिथे गर्दी करत राहिले. हे तेव्हाही बोललं गेलं. १९३३ मध्ये ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला.

नागपूरने तोच साचा उचलला. म्युनिसिपालिटी आपल्याकडे १८६४ पासून होती. १९३६ मध्ये मध्य प्रांताच्या कायद्याने नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आजचा नागपूर सुधार प्रन्यास, आपली 'नासुप्र'. मुंबईने आपला ट्रस्ट तीन वर्षांपूर्वी गुंडाळला होता, आपण तेव्हा सुरू केला. आणि मुंबईचा गेला तरी आपला राहिला. १९५१ मध्ये महापालिका झाली, तरीही राहिला. मधे बरखास्त करायचा सरकारी निर्णय झाला, तोही फिरला. त्यामुळे नागपुरात घराच्या नकाशासाठी कोणत्या दारात जायचं, हा प्रश्न तीन पिढ्यांचा आहे. मनपा की नासुप्र? आणि २०१७ पासून शहराबाहेर तिसरं दार, एनएमआरडीए.

वाडी या दारांच्या बाहेर होती. ग्रामपंचायत होती, नगर परिषद गेल्या दशकातली. तोवर लेआउट पडून गेले होते.

ते कसे पडले ते सांगतो, कारण तुमच्या आई-बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. शेतकऱ्याला पैशाची गरज. १९७६ पासून शहरी जमीन कमाल मर्यादेचा कायदा डोक्यावर, जास्त जमीन धरली तर जायची भीती. मधे दलाल, किंवा एखादी गृहनिर्माण सहकारी संस्था. शेतात चुन्याच्या रेघा मारायच्या, वीस-तीस फुटांचे रस्ते, उरलेल्याचे पंधराशे फुटांचे प्लॉट, तीस बाय पन्नास. कोपऱ्यावर बांबूला पाटी. कारकून, कामगार, ड्रायव्हर, शिक्षक यांनी हप्त्याने घेतले, कारण मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नव्हता. काही ठिकाणी ग्रामपंचायतीच्या कागदावर घरं उभी राहिली. या माणसांना फसवे म्हणणं मला जमणार नाही. शहराला त्यांची गरज होती आणि शहराने त्यांच्यासाठी जागा आखलेली नव्हती.

आता मोकळ्या जागेचं गणित बघा. नियम असा आहे की ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट पाडायचा तर १० टक्के जागा मोकळी ठेवायची. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या राज्याच्या एकत्रित नियमावलीतही, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, हाच आकडा आहे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट. दहा टक्के म्हणजे ४,३५६. पंधराशेने भागा. एकरामागे जवळजवळ तीन प्लॉट. दहा एकरांचा लेआउट असेल तर एकोणतीस प्लॉट विकायचे सोडून द्यायचे, मुलांच्या खेळण्यासाठी आणि म्हाताऱ्यांच्या फेरीसाठी. नकाशा मंजूर करायचाच नसेल तर कोण सोडेल? आणि ०.४ हेक्टर म्हणजे साधारण एक एकर. शेत एकराच्या आतल्या तुकड्यांत आलं की नियमाचा दरवाजाच लागत नाही.

मग एक दिवस सगळं नियमित करायची वेळ येते. नागपुरात ५७२ आणि १९०० हे आकडे उच्चारले की जुने लोक मान हलवतात. अनधिकृत लेआउटच्या याद्यांची ती नावंच पडली आहेत. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे तुकडे दंड आणि विकास शुल्क भरून नियमित करता येतील, असं त्यात होतं. गुंठा हा शब्द तसा तिकडचा, आम्ही फुटात बोलतो, पण कायदा आमच्या फार कामाला आला. डिमांड नोट भरायची, आरएल घ्यायचं. 'एनए-टीपी, आरएल प्लॉट' ही जाहिरात वाचल्याशिवाय नागपूरकर मोठा होत नाही. २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकली.

इथे माझा आक्षेप आहे. घर वाचलं, चांगलं झालं, वाचायलाच हवं होतं. पण आरएल एका प्लॉटला मिळतं, प्लॉटच्या मालकाला मिळतं. वाटेला आरएल कोण मागणार? तिचा मालकच नाही. पैसे भरून उशिरा का होईना घर कायद्यात येतं. विकून गेलेली मोकळी जागा परत आणायची तर कुणाचं तरी घर पाडावं लागेल, आणि ते कुणी करत नाही, करूही नये. गर्दी नंतर माफ होऊ शकते, वाट नंतर काढता येत नाही. म्हणून वाटेचा प्रश्न चुना पडायच्या आधी विचारावा लागतो.

आणि वाडीत वाट म्हणजे नुसता मॉर्निंग वॉक नाही. नाग नदी कुठे उगम पावते माहितीये ना? लाव्याच्या टेकड्यांत, वाडीच्या शेजारी. ज्या नदीवरून नागपूरला नाव मिळालं असं सांगतात, ती आमच्या बाजूने निघते. इकडचं पाणी उतरत अंबाझरी तलावात जातं. तिथून सांडव्यावरून पुढे शहरात. (तलाव '१८७० मध्ये भोसले राजवटीत' बांधला असं नेटवर जिथेतिथे आहे. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्येच खालसा झालं होतं. ही जोडी कशी जमली देव जाणे.) म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक नाल्याची गोष्ट शेवटी अंबाझरीत जाते. वाडीचं सांडपाणीही तिथेच जातं, म्हणून तलावात जलपर्णी माजते आणि दर वर्षी त्याच त्या बातम्या येतात.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरचा माणूस विसरणार नाही. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. अंबाझरी ओसंडला. खाली अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, पार सीताबर्डीपर्यंत पाणी. झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं, माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढलेल्या फोटोंत पाहिल्या असतील. नंतर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात सांडवा, त्याच्यासमोरचं बांधकाम, नदीची रुंदी, पुतळ्याची जागा यावर खल झाला. बोलणं बहुतेक तलावाच्या खालच्या बाजूचं. मला वरच्या बाजूचं बोलायचं आहे. शेत होतं तेव्हा पाऊस मातीत मुरायचा, बांधाला अडायचा, पांदणीत साचायचा. आता पंधराशे फुटांच्या प्लॉटवर भिंतीला भिंत, पुढे फरशी, रस्ता सिमेंटचा. थेंब पडला की पळाला. पूर एकट्या वाडीने आणला असं मी म्हणत नाही, तेवढा पाऊस कुठेही पडता तरी त्रास झाला असता. पण नाल्याच्या दोन्ही काठांना चालायची पट्टी मोकळी असती, तर तीच पट्टी पाण्याचीही झाली असती. वाट आणि पाणी यांना एकच जागा लागते, नाल्याकाठची.

दहा टक्क्यांच्या नियमात नेमकं हेच सुटतं. तो प्रत्येक लेआउटला वेगवेगळं विचारतो. तुझे दहा टक्के कुठे? हे बघा कोपऱ्यात. शेजारच्याचे दुसऱ्या कोपऱ्यात. मंजूर लेआउटमध्येसुद्धा तुकडे मिळतात, सलग वाट मिळत नाही. आमच्या इथल्या 'ओपन स्पेस'मध्ये तण आहे, एक बंद पडलेला टेम्पो आहे आणि पोळ्याच्या-गणपतीच्या दिवसांत मांडव असतो. मांडव चांगला असतो हो. पण तिथून कुठे जाता येत नाही.

मग आपल्याकडे कुठल्या सभागृहाने हे खरंच तोललं आहे का? पुण्याने तोललं. १९९७ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि त्यांच्याबरोबर टेकड्या आल्या. टेकड्यांवर बांधू द्यायचं का, दिलं तर किती टक्के, नाही दिलं तर मालकांना काय? यातून जैवविविधता उद्यान, बीडीपी, हे आरक्षण निघालं. सर्वसाधारण सभेत वाद, पक्षांत वाद, सकाळी टेकडीवर फिरणारे लोक आंदोलनात, जमीनमालक विरोधात. राज्य सरकारने फाइल वर्षानुवर्षं धरून ठेवली. २०१५ मध्ये साडेनऊशेहून जास्त हेक्टरवर बीडीपी मंजूर झालं आणि मालकांना मोबदला म्हणून आठ टक्के टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा हक्क. मालक म्हणाले, हे काहीच नाही. त्यांचं म्हणणं अगदी चूक नव्हतं. आरक्षणानंतरही टेकड्यांवर अतिक्रमणं होत राहिली. पण एक फरक बघा. पुण्यातला माणूस भांडू शकला, कारण टेकडी अजून उभी होती आणि तिच्यावर पायवाटा होत्या. लोक रोज चालत होते म्हणून त्यांना काय जाणार ते कळत होतं.

मोकळी जागा कागदावर असेल तर मात्र तिच्या मागे कायदा उभा आहे, हे आपल्याला माहीतच नसतं. बंगळुरूची केस ऐका. राजमहाल विलास एक्स्टेन्शन नावाच्या लेआउटमध्ये बागेसाठी ठेवलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खाजगी ट्रस्टला हॉस्पिटलसाठी दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. समोरचे म्हणाले, तुमचं काय गेलं, तुम्ही कोण? १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या भागातल्या रहिवाशाला विचारायचा हक्क आहे, आणि बागेची जागा अशी फिरवता येत नाही. हॉस्पिटल चांगली गोष्ट असली तरी.

हे वाडीत का सांगतोय? कारण वाडीच्या मागे, दवलामेटी, लावा, सोनबा नगर या अंगाला, अजून शेतं आहेत आणि चुना अजून पडतोय. आता नगर परिषद आहे, एनएमआरडीए आहे, नियमावली आहे. २०१८ मध्ये महानगर क्षेत्राचा विकास आराखडाही मंजूर झालाय. विचारायला दार आहे. शेजारी अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात सायकलची, चालायची वाट आहे. वाडीतून नाल्याकाठाने तिथपर्यंत सलग वाट निघू शकते का, हे कागदावर तपासता येण्यासारखं आहे.

कसं, ते सांगून थांबतो. फोनवर महाभूनकाशा उघडा, जिल्हा नागपूर, तालुका नागपूर ग्रामीण, मग तुमचं गाव. गट नंबरांच्या मधून जाणाऱ्या रेघा बघा. जुना गाव नकाशा हवा असेल तर भूमी अभिलेखच्या कार्यालयात अर्ज करून फी भरली की नक्कल मिळते. तलाठ्याकडे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. तो आधी तुमच्याकडे नीट पाहील, कारण विशीतल्या पोराने हे मागणं त्याच्या सवयीचं नाही. मग नवीन लेआउटचा मंजूर नकाशा माहिती अधिकारात घ्या आणि जुन्यावर ठेवून बघा. पांदण कुठे गेली? रस्ता झाली असेल तर किती फुटांचा? नाल्याची रेघ तेवढीच रुंद आहे का? दहा टक्के कुठे दाखवलेत आणि तिथे आज काय उभं आहे?

नकाशे मिळाले तर आम्हाला पाठवा. वाडीचे, हिंगण्याचे, कुठलेही. पुढच्या एपिसोडला तेच पसरून बसू.